कमी दिवसांचे बाळ: वाचकांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरे

ठरलेल्या तारखेच्या बऱ्याच आधी जन्मलेल्या बाळांविषयीची पत्रे या सदराकडे वर्षभर येत असतात. त्यांतली काही या महिन्यात एकत्र घेतली आहेत. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला आपण कमी दिवसांचे म्हणतो. २०२० या एका वर्षात जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली आणि त्यांतली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात होती. या बाळांसाठी आज आम्ही जे करतो त्यातली बहुतेक पावले कोणीतरी कधीतरी मोजून, पडताळून पाहिलेली आहेत, आणि काही तर आम्हा डॉक्टरांच्याच चुकांतून शिकलेली आहेत. म्हणून सल्ल्याबरोबर त्यामागचे संशोधनही सांगते आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: मला तिसावा आठवडा चालू आहे. गेल्या आठवड्यात अचानक कळा सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरांनी बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून बारा-बारा तासांनी चार इंजेक्शने दिली. आता कळा थांबल्या आहेत; पण ती इंजेक्शने स्टेरॉइडची होती हे कळल्यापासून घरात सगळे घाबरले आहेत. पुढे बाळाला त्याचा त्रास होईल का? (एक गर्भवती वाचक, बार्शी)

उत्तर: ताई, स्टेरॉइड या शब्दाने घाबरून जाणे स्वाभाविक आहे, कारण व्यायामशाळेतल्या स्टेरॉइडच्या बातम्या आपण वाचलेल्या असतात. तुम्हाला दिलेले औषध बहुधा डेक्सामेथासोन असावे. ते त्या जातीचे नव्हे. बाळाच्या फुप्फुसांतल्या बारीक फुग्यांना आतून साबणाच्या पाण्यासारखा एक स्निग्ध थर लागतो, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. तो नसेल तर प्रत्येक श्वास सोडताना ते फुगे मिटून चिकटतात आणि पुढचा श्वास घेण्यासाठी बाळाला छाती ओढून ओढून कष्ट करावे लागतात. हा थर गर्भाच्या शेवटच्या काही आठवड्यांत पुरेसा तयार होतो. तुम्हाला दिलेले इंजेक्शन वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि ते काम लवकर करवून घेते.

हे कळले ते मेंढ्यांमुळे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ग्रॅहम लिगिन्स प्रसूती कशाने सुरू होते याचा शोध मेंढ्यांवर घेत होते. स्टेरॉइड दिल्यावर फार लवकर जन्मलेली एक-दोन कोकरे, जी जगायला नको होती, ती काही तास श्वास घेत राहिली, आणि शवविच्छेदनात त्यांच्या फुप्फुसांत हवा भरलेली आढळली. लिगिन्स यांनी हे बाजूला टाकले नाही. बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासह त्यांनी २८२ मातांवर काळजीपूर्वक तुलना केली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: औषध मिळालेल्या गटात श्वसनाचा गंभीर त्रास ९ टक्के बाळांना, न मिळालेल्या गटात जवळजवळ २६ टक्के बाळांना झाला होता. एवढे स्पष्ट उत्तर हाती असूनही हे औषध सर्वत्र रूढ व्हायला वीस वर्षांहून अधिक काळ गेला, आणि त्या काळात वाचू शकली असती अशी किती बाळे गेली, या विचाराने आजही मन खिन्न होते. पुढे भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही डेक्सामेथासोनमुळे नवजात मृत्यू घटल्याचे दिसले.

दूरच्या परिणामांविषयी सांगायचे तर ऑकलंडच्या त्या पहिल्या अभ्यासातील मुलांना तिसाव्या वर्षी पुन्हा तपासले गेले, आणि औषध मिळालेल्यांच्या बुद्धीत वा मानसिक स्वास्थ्यात उणेपणा आढळला नाही. तेव्हा घेतलेल्या इंजेक्शनांची भीती बाळगू नका. मात्र ती कोणत्या तारखेला, किती वाजता दिली हे लिहिलेला कागद फाइलमध्ये वरच ठेवा, कारण औषधाचा गुण पहिल्या दिवसापासून साधारण आठवडाभर सर्वांत चांगला असतो. पुन्हा कळा आल्यास दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनाही तो कागद दाखवा, म्हणजे औषध विनाकारण परत परत दिले जाणार नाही. तुम्हाला मधुमेह असेल तर या इंजेक्शनांनंतर काही दिवस साखर वाढते, तेवढी तपासून घ्या.

प्रश्न: माझे बाळ एकतिसाव्या आठवड्यात जन्मले, वजन १३५० ग्रॅम होते. बारा दिवस ऑक्सिजन लागला. आता ते चोवीस दिवसांचे आहे, दूध चांगले पिते. घरी सोडताना डॉक्टरांनी तीस दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला सांगितले आहे. बाळाचे डोळे अगदी स्वच्छ आहेत, उजेडाकडे ते बघते. सासूबाई म्हणतात की सव्वा महिना झाल्याशिवाय बाळाला उंबऱ्याबाहेर न्यायचे नाही. पंधरा दिवस उशीर झाला तर चालेल का? (एक आई, सिन्नर)

उत्तर: चालणार नाही, ताई. हे पत्र छापून येण्याची वाट न पाहता संपादकांनी तुम्हाला दूरध्वनीवर हेच कळवले आहे, आणि तुम्ही तपासणीला जाऊन आलात हे ऐकून मला फार बरे वाटले. तरीही उत्तर सविस्तर देते आहे, कारण हाच प्रश्न अनेक घरांत आहे.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्या मधोमध उगम पावून कडेकडे पसरत जातात. ही वाढ गर्भाच्या चौथ्या महिन्यात सुरू होते आणि पूर्ण दिवस भरेपर्यंत चालते. एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या पडद्याची कड अजून कोरी असते. गर्भाशयाच्या तुलनेत बाहेरच्या हवेत, त्यातही वरून दिलेल्या ऑक्सिजनमुळे, प्राणवायू जास्त मिळतो आणि रक्तवाहिन्यांची वाढ थबकते. काही आठवड्यांनी तो कोरा भाग रक्तासाठी हाक मारू लागतो आणि मग वाहिन्या भराभर, पण वेड्यावाकड्या, उगवतात. त्या ओढल्या जाऊन पडदाच सुटू शकतो. याला रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, थोडक्यात आर.ओ.पी., म्हणतात. हे सारे डोळ्याच्या मागच्या भिंतीवर घडत असते, म्हणून बाहेरून डोळा निर्मळ दिसतो. बुबुळात पांढरी झाक दिसू लागते तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

या आजाराचा इतिहास प्रत्येक डॉक्टरने आणि प्रत्येक पालकाने जाणून घ्यावा असा आहे. १९४२ मध्ये बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी कमी दिवसांच्या बाळांत आढळलेल्या या अंधत्वाचे वर्णन प्रथम केले. नंतरच्या दहा वर्षांत जगभर सुमारे १०,००० मुले त्याने आंधळी झाली. चकित करणारी गोष्ट अशी की उत्तम सोयीच्या रुग्णालयांत हे प्रमाण अधिक होते. तिथे हवाबंद काचपेट्या होत्या आणि बाळ निळे पडू नये म्हणून ऑक्सिजन सढळ हाताने सोडला जात होता. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी आपल्या शहरातील रुग्णालयांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि बोट ऑक्सिजनकडे दाखवले. वॉशिंग्टनमध्ये अर्नाल पॅट्झ यांनी बाळांचे दोन गट करून एका गटाला कमी ऑक्सिजन द्यायचे ठरवले, तेव्हा काही परिचारिका रात्री हळूच त्या बाळांचा ऑक्सिजन वाढवत असत, कारण बाळ गुदमरेल असे त्यांना मनापासून वाटत होते. त्यांची माया खोटी नव्हती. पण मायेने वाढवलेला तोच ऑक्सिजन दृष्टी घेत होता. १९५३ मध्ये अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी एकत्र येऊन अभ्यास केला आणि वर्षभरात शंका मिटली.

पण गोष्ट तिथे संपली नाही. ऑक्सिजन दोषी ठरताच तो इतका हात आखडून दिला जाऊ लागला की बाळे श्वासावाचून दगावू लागली. एका बाळाची दृष्टी वाचवताना सुमारे सोळा बाळांचे प्राण गेले असावेत, असा हिशेब १९७३ मध्ये ब्रिटनच्या केनेथ क्रॉस यांनी मांडला. २०१० मधल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासानेही हाच तोल पुन्हा दाखवला: रक्तातील ऑक्सिजन ८५ ते ८९ टक्के ठेवला तर डोळे जास्त वाचले, ९१ ते ९५ टक्के ठेवला तर जीव जास्त वाचले. म्हणून आज आम्ही साधारण ९० ते ९५ हा पट्टा सांभाळतो आणि डोळ्यांच्या धोक्याची भरपाई वेळेवर तपासणी करून करतो. आधी जीव वाचवायचा आणि मग मुदतीत डोळे पाहायचे, असा हा करार आहे. त्यातला दुसरा भाग चुकला तर पहिल्याची किंमत बाळ जन्मभर मोजते.

भारतात चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत व्हावी असा दंडक आहे. अठ्ठावीस आठवड्यांआधीच्या वा १२०० ग्रॅमखालच्या बाळांची ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच करतात. पाश्चात्त्य देशांतली मर्यादा याहून लहान बाळांची आहे, पण आपल्याकडे थोड्या मोठ्या बाळांनाही हा आजार होत असल्याने आपली मर्यादा मुद्दाम रुंद ठेवलेली आहे. तपासणीत बाहुली मोठी करण्याचे थेंब घालतात, पापण्या तारेच्या लहानशा चिमट्याने उघड्या धरतात आणि कपाळावर दिवा बांधलेले नेत्रतज्ज्ञ भिंगातून पडदा पाहतात. बाळ रडते. आईच्या दुधाचे वा साखरेच्या पाण्याचे काही थेंब जिभेवर दिले की ते लवकर शांत होते. काही मिनिटांचे हे काम आहे, पण एकदा करून भागत नाही. पडदा पूर्ण भरेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी बोलावले तर जावेच लागते. उपचाराची गरज निघाली तर लेझर दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. सव्वा महिन्याची प्रथा बाळाला गर्दी, वारा आणि आजार यांपासून जपण्यासाठी पडली, आणि ती जपणूक मला मान्य आहे. बाळाला छातीशी बांधून, टोपी-मोजे घालून न्यावे, रांगेत ताटकळू नये म्हणून वेळ आधी ठरवून घ्यावी, आणि जमल्यास त्यांनाच सोबत न्यावे.

प्रश्न: मी आशा म्हणून काम करते. लहान बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला आम्हाला शिकवले आहे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केले तर काय बिघडते? आणि बाळाला उघड्या छातीशी धरायला सांगितले की घरातले लोक हसतात, त्यापेक्षा खाटेखाली शेगडी ठेवतो म्हणतात. त्यांना कसे पटवून द्यावे? (एक आशाताई, धडगाव तालुका)

उत्तर: ताई, तुमच्या दोन्ही प्रश्नांची मुळे खोल आहेत, आणि पहिल्याचे तर आपल्याच राज्यात सापडते.

लहान बाळ, विशेषतः कमी दिवसांचे, एका लयीत श्वास घेत नाही. ते भराभर दहा-पंधरा श्वास घेते, मग काही सेकंद थांबते, मग पुन्हा सुरू करते. तुमची तीस सेकंदे त्या भराभर भागात पडली तर आजार नसताना आकडा साठच्या वर जाईल, आणि थांबलेल्या भागात पडली तर खरा न्यूमोनिया निसटेल. म्हणून पूर्ण मिनिट मोजायचे, बाळ शांत असताना, अंगरखा वर करून पोट-छातीच्या हालचालीवर नजर ठेवून; साठ किंवा त्याहून अधिक आले तर पुन्हा एकदा मोजायचे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने, आकडे न येणाऱ्या दायांनाही हे जमावे म्हणून, वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ असलेले साधे श्वासमापक तयार केले होते. मोजणी हातात आली की निदान हातात येते, हा त्यांचा विश्वास होता आणि तो खरा ठरला. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, आणि तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहता नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले; ‘लॅन्सेट’ हे नामवंत वैद्यकीय नियतकालिक. आज तुम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ज्या गृहभेटी देता, त्यांचे मूळ त्या गावांत आहे.

आता शेगडीविषयी. शेगडीने बाळाची एक बाजू भाजते, दुसरी गार राहते, आणि धूर फुप्फुसांत जातो. आईची छाती हवी तेवढीच ऊब देते. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एद्गार रेय यांच्या रुग्णालयात काचपेट्या पुरत नव्हत्या, एका पेटीत दोन-दोन बाळे ठेवावी लागत होती आणि एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होत होता. तेव्हा त्यांनी बाळे आयांच्या छातीशी उभी बांधली. गरिबाघरचा नाइलाज म्हणून पुष्कळ वर्षे या पद्धतीकडे पाहिले गेले. पुढे हरियाणात १.५ ते २.२५ किलो वजनाच्या ८,४०२ बाळांवर घरच्या घरी केलेल्या कांगारू काळजीचा, म्हणजे बाळाला असे उघड्या छातीशी धरण्याचा, अभ्यास झाला, त्यात पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांतील याहून नाजूक बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मल्याबरोबर, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, छातीशी धरलेल्या गटात १२ टक्के बाळे दगावली, तर दुसऱ्या गटात १५.७ टक्के. हा फरक इतका ठळक होता की अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला.

घरी पटवायचे असेल तर भाषण देऊ नका. बाळाचे पाऊल आजीच्या हातात द्या, किती गार आहे ते तिला कळू द्या. मग बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून आईच्या छातीशी बेडकासारखे उभे ठेवा, मान एका कुशीला वळवा, जुन्या मऊ लुगड्याने दोघांना एकत्र बांधा आणि तासाभराने तेच पाऊल पुन्हा आजीच्या हातात द्या. आई दमली की बाबा, आजी, मावशी कोणीही बाळाला छातीशी घेऊ शकते. पुरुषाच्या छातीवर बाळ तितकेच उबदार राहते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

प्रश्न: आमचा नातू पस्तिसाव्या आठवड्यात जन्मला. पाचव्या दिवशी कावीळ दिसते म्हणून रुग्णालयाने निळ्या दिव्याखाली ठेवायला सांगितले. पूर्वी आपण बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरत असू. तेच केले तर चालणार नाही का? (एक आजोबा, सातारा)

उत्तर: आजोबा, तुमच्या आठवणीत शास्त्र आहे, म्हणून तर हा दिवा जन्मला. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड कमी दिवसांच्या बाळांना चांगल्या हवेत अंगणात नेत असत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले. सारे अंग फिके झाले होते, पण एक त्रिकोणी तुकडा पिवळाजर्द राहिला होता, आणि तो बरोबर चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला भाग होता. पुढे उन्हात खिडकीशी राहिलेल्या एका रक्ताच्या नमुन्यातली कावीळही उतरलेली आढळली. त्यातून रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दिव्यांचा पाळणा तयार करून दाखवला. निळा प्रकाश कातडीतल्या बिलिरुबिनचे, म्हणजे कावीळ आणणाऱ्या पिवळ्या द्रव्याचे, रूप असे बदलतो की यकृताने प्रक्रिया करण्याआधीच ते पित्तातून आणि लघवीतून बाहेर टाकता येते.

कोवळ्या उन्हात हा प्रकाश किती आणि किती वेळ मिळेल याचा नेम नसतो. उघडे बाळ गारठते किंवा भाजते, आणि मुख्य म्हणजे ऊन देत राहण्यात मोलाचे दिवस जातात. कमी दिवसांच्या बाळात कावीळ पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा कमी आकड्यालाच मेंदूत उतरू शकते, आणि ती हानी भरून येत नाही. तेव्हा नातवाला दिव्याखालीच ठेवा आणि दूध वारंवार पाजायला सांगा. पहिल्याच दिवशी आलेली, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली, किंवा सुस्ती आणणारी कावीळ असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघावे.

आणखी एक गोष्ट तुम्ही न विचारता सांगते. कावीळ दोन आठवड्यांनंतर रेंगाळली तर शीचा रंग रोज पाहा. ती पांढुरकी, खडूसारखी होत असेल आणि लघवी गडद पिवळी असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शंका घ्यावी लागते. त्यावरची शस्त्रक्रिया जपानच्या मोरिओ कासाई यांनी शोधली, आणि ती बाळ दोन महिन्यांचे होण्याआधी झाली तर यशाची शक्यता बरीच अधिक असते.

प्रश्न: मी मुलीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडमध्ये लेस्टरला आले आहे. नात चौतिसाव्या आठवड्यातली. डोके गोल व्हावे म्हणून मी मोहरीची उशी शिवून आणली, तर इथल्या नर्सने ती काढून ठेवायला लावली आणि बाळाला उताणेच निजवा म्हणाली. रुग्णालयात मात्र तिला पालथे ठेवत होते! (एक आजी)

उत्तर: आजी, रुग्णालयात बाळाला श्वासावर अखंड नजर ठेवणारे यंत्र लावलेले असते, आणि फार लहान बाळाला पालथे असताना श्वास घेणे सोपे जाते, म्हणून तिथे तसे ठेवतात. घरी यंत्र नसते. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचा अभ्यास न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये झाला तेव्हा पालथे निजवणे हे त्याचे मोठे कारण निघाले. ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये उताणे निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. कमी दिवसांच्या बाळांना हा धोका अधिक असतो. आपण परंपरेने उताणेच निजवतो, त्यामुळे त्या नर्सचा निम्मा सल्ला तुमच्या घरचाच आहे. उशी मात्र वर्षभर नको. मान पुढे झुकली की कोवळा श्वासमार्ग दबतो. डोके गोल राहावे म्हणून जागेपणी, तुम्ही समोर बसलेल्या असताना, तिला थोडा थोडा वेळ पालथे ठेवा.

प्रश्न: आमचा मुलगा एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मला. आता दहा महिन्यांचा आहे, पण आधाराशिवाय बसत नाही. शेजारचे त्याच वयाचे बाळ रांगते. वॉकर आणावा का? लस कोणत्या वयाप्रमाणे द्यावी? पुढे तो शाळेत मागे पडेल का? बाकी तो हसरा आहे, हाक मारली की बघतो, खुळखुळा नेहमी उजव्याच हाताने घेतो, त्यामुळे घरात सगळे कौतुकाने म्हणतात की हा पक्का उजवा होणार. (एक शिक्षक, लातूर)

उत्तर: गुरुजी, तुमचा मुलगा अकरा आठवडे आधी आला. त्याचे वय मोजताना ते अकरा आठवडे वजा करावेत, म्हणजे विकासाच्या दृष्टीने तो साडेसात महिन्यांचा आहे. साधारण दोन वर्षांपर्यंत हा हिशेब ठेवतात. भारतासह पाच देशांतील निरोगी बाळे पाहून जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या मर्यादेप्रमाणे बाळे आधाराशिवाय ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान बसू लागतात. म्हणून केवळ बसत नाही याची चिंता आज नको. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, त्यात वजाबाकी नाही. वॉकर आणू नका. त्याने चालणे लवकर येत नाही, पडून इजा होते. कॅनडाने तर २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

शाळेविषयीच्या प्रश्नाचे उत्तर पुण्यात मिळते. के. ई. एम. रुग्णालयातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी तरुणपणापर्यंत पाठपुरावा केला. इतकी वर्षे त्याच मुलांना पुन्हा पुन्हा बोलावून तपासत राहणे हे चिकाटीचे काम आहे, आणि त्याचे मोल आपल्याकडे पुरेसे ओळखले गेले नाही असे मला वाटते. या मुलांची सरासरी बुद्धिमत्ता सर्वसाधारण मर्यादेत होती, पण पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा काहीशी कमी होती. लवकर जन्मलेली आणि शिवाय दिवसांच्या मानाने वजनाने लहान असलेली मुले सर्वांत मागे होती. लेखन आणि गणितात अडचणी अधिक दिसल्या. शिक्षक या नात्याने हे लक्षात ठेवाल तर तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलालाही उपयोग होईल.

पण तुमचे पत्र मी दोनदा वाचले ते शेवटच्या वाक्यामुळे. एक वर्षाच्या आतले बाळ दोन्ही हात सारखेच वापरते. या वयात ते कायम एकच हात पुढे करत असेल, तर तो हात चांगला आहे यापेक्षा दुसरा हात कमी चालतो आहे का, हे आधी पाहावे लागते. बाळाला मांडीवर सरळ बसवा, उजवा हात हळूच धरून ठेवा आणि खुळखुळा डाव्या बाजूने पुढे करा. डावी मूठ मिटलेलीच राहते का, अंगठा मुठीत अडकतो का, कपडे बदलताना डावा हात वा पाय ताठ लागतो का, हे पाहा आणि मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे चित्रीकरण करून ठेवा. दवाखान्यात रडणाऱ्या बाळापेक्षा घरी खेळणाऱ्या बाळाचे चित्रीकरण आम्हाला पुष्कळ अधिक सांगते.

एक हात कमी चालण्यामागे मेंदूला झालेली इजा असू शकते. पूर्वी अशा इजेचे निदान दीड-दोन वर्षांपर्यंत लांबत असे. हाइन्झ प्रेख्टल यांनी तीन महिन्यांच्या बाळाच्या सहज हालचालींचे निरीक्षण करण्याची पद्धत घालून दिली, आणि आता सहा महिन्यांच्या आतही बऱ्याच अंशी निदान होते. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी १ ते ३० महिन्यांच्या भारतीय बाळांसाठी बसवलेली विकासचाचणीही तुम्हाला करून घेता येईल. दोष निघालाच तर लवकर सुरुवात करण्याला अर्थ आहे, कारण या वयात मेंदूच्या वाटा अजून घडत असतात. अशा बाळांच्या चांगल्या हाताला रोज थोडा वेळ मऊ हातमोजा घालून दुसऱ्या हाताला खेळायला लावण्याची पद्धत स्टॉकहोममध्ये पडताळून पाहिली गेली आहे. पण ती तज्ज्ञांनी शिकवल्यावरच करावी.

तपासणीत काहीच न निघण्याचीही शक्यता आहे, आणि तसेच व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर बालविकासाची केंद्रे आहेत, तिथे तपासणी विनामूल्य होते. जन्माचे डिस्चार्ज कार्ड, मेंदूच्या सोनोग्राफीचा अहवाल असल्यास तो, आणि मोबाइलवरचे ते चित्रीकरण घेऊन याच आठवड्यात जा. काय निघाले ते मला संपादकांच्या पत्त्यावर अवश्य कळवा.